खाडीतल्या जुन्या मशीनचं कव्हर

आउटबोर्ड मशीन बंद पडलं तर माणूस त्याच दिवशी मेस्त्रीकडे धाव घेतो. कव्हरला तडा गेला तर मात्र त्याला नायलॉनची दोरी आवळतो, वर खताची पिशवी चढवतो आणि तसेच दोन-तीन हंगाम काढतो. खाडीकाठच्या वाड्यांवर मी अशी मशीनं कितीतरी पाहिली आहेत. आत इंजिन ठणठणीत आणि डोक्यावर दोरी. अशा कव्हरची दुरुस्ती घरच्या घरी, थोड्या खर्चात आणि टिकाऊ होऊ शकते, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

कव्हर शोभेसाठी असतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते तीन कामं करतं. मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणाऱ्या फ्लायव्हीलपासून हात, केस आणि कपडे वाचवतं. लाटेचा शिंतोडा कार्ब्युरेटर आणि कॉइलपर्यंत पोचू देत नाही. आणि इंजिनाला लागणारी हवा मागच्या वरच्या खाचेतून आत घेऊन, वाटेत वळणं देऊन, तिच्यातलं पाणी खाली गाळतं. तडा गेलेल्या कव्हरमधून खारं पाणी आत जातं, आधी वायरींच्या टोकांवर हिरवट थर धरतं, मग एखाद्या सकाळी मशीन सुरूच होत नाही. दोष प्लगचा समजून आपण प्लग बदलत बसतो.

जुन्या मशीनच्या बाबतीत दुरुस्तीशिवाय दुसरा मार्गही फारसा नसतो. ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आउटबोर्ड विकायला सुरुवात केली तेव्हा त्यावर कव्हर नव्हतंच, फ्लायव्हील उघडंच फिरायचं. बंद कव्हरची चाल नंतर आली. आधी अ‍ॅल्युमिनिअमचं ओतीव, मग फायबरग्लासचं, पुढे प्लास्टिकचं. यामाहाचं पहिलं आउटबोर्ड, पी-७, हे १९६० सालचं. एव्हिन्रूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं सांभाळणारी ओएमसी कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि ज्यांनी ती नावं विकत घेतली त्यांनी २०२० मध्ये एव्हिन्रूडचं उत्पादनच थांबवलं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनचं कव्हर आज कोकणात मागवायचं तर कुठे मागवणार? जे हातात आहे तेच सावरायचं.

आणि त्यासाठी आमच्या लोट्यासारखी जागा नाही. आम्ही राहतो सड्यावर. परशुराम घाट उतरला की वाशिष्ठी, खेडच्या बाजूला उतरलं की जगबुडी. दोघी पुढे एक होऊन दाभोळला समुद्राला मिळतात. होड्या खाली आहेत, पण त्यांना लागणारी कारागिरी वर लोट्याच्या एमआयडीसीत आहे. रसायनांचा कारखाना म्हटला की आम्ल आलं, आणि आम्ल आलं की एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, टाक्या, डक्ट आणि अस्तरं आली. रेझिन आणि काचेची मॅट रोज हाताळणारी माणसं इथे आहेत. अ‍ॅल्युमिनिअमला आर्गन मारणारे वेल्डर आहेत. जुनं कव्हर दुरुस्त करायला नेमकी हीच दोन कामं यावी लागतात. टाकीचं अस्तर करणाऱ्या कारागिराला होडीचं कव्हर दाखवा. तो ते हातात फिरवून दोन मिनिटांत सांगेल कुठे काय करायचं.

पण आधी कव्हर कशाचं आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, ८० नंबरचा पॉलिश पेपर चार वेळा फिरवा. पांढरी बारीक पूड आणि अंगाला खाज आणणारे तंतू निघाले तर फायबरग्लास. चकाकणारा धातू दिसला आणि त्याला लोहचुंबक चिकटलं नाही तर अ‍ॅल्युमिनिअम. पेपराखाली मऊ साल निघाली, कड गुंडाळली गेली तर प्लास्टिक. प्लास्टिकच्या कव्हरवर साधं पॉलिस्टर रेझिन धरत नाही. महिन्याभराने ठिगळ पापुद्र्यासारखं सुटून हातात येतं. त्यासाठी प्लास्टिकला चालणारा अधेसिव्ह किंवा प्लास्टिक वेल्डिंगवाला शोधावा. या लेखात मी फायबरचं आणि थोडं अ‍ॅल्युमिनिअमचं सांगणार आहे.

हंगामाचा प्रश्न मोठा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मशीन उतरवून घरात येतं, हात मोकळे असतात, म्हणून सगळे तेव्हाच रंगकाम काढतात. कव्हर रंगवायला याहून वाईट दिवस वर्षात नाहीत. मी पहिलं कव्हर जुलैत रंगवलं. संध्याकाळी सुरेख निळं दिसत होतं, सकाळी त्यावर दुधासारखी साय आली होती आणि रंग नखाने निघत होता. हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंग त्या दवावर बसतो. म्हणून काचेचं काम आणि रंग एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. होडी चालूच असेल तर आठ-दहा दिवस मशीन उतरवावं लागेल, तेवढं सोसा. पावसाळ्यात करायची कामं वेगळी: हूक, रबर, स्टिकर, स्क्रू. नारळी पौर्णिमेला मशीन होडीवर चढेल तेव्हा रंग चांगला पिकलेला असेल.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी करा, नंतर त्या करता येत नाहीत. पहिली, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि स्टिकरवर बटर पेपर ठेवून अक्षरांची कड पेन्सिलीने गिरवा. कव्हरच्या कडेपासून प्रत्येक अक्षर किती मिलिमीटरवर आहे तेही त्यावर लिहा. दुसरी, मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे फ्लायव्हीलच्या, स्टार्टरच्या आणि इंजिनाच्या इतर उंच भागांवर ठेवा, कव्हर हलक्या हाताने बसवा, काढा, आणि प्रत्येक गोळा किती चपटा झाला ते मोजून ठेवा. मशीन अर्थातच बंद असताना, प्लगची वायर काढून. हे आकडे शेवटी लागणार आहेत.

आता साफसफाई. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच आणि रंग टिकतो तोही याच्यावर. जुन्या कव्हरच्या आत टू-स्ट्रोक ऑइल आणि पेट्रोल किंवा रॉकेल यांची चिकट पुटं असतात, बाहेर मीठ असतं. पेपराने घासायच्या आधी धुवा. आधी घासलंत तर तेल खरवडलेल्या रेघांमध्ये मुरतं. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश. मग गोड्या पाण्याने निदान तीनदा. आतला आवाज दाबणारा फोम कुजलेला असेल तर खरवडून काढा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेलं मशीन असेल तर फोम न बघताच काढा, गाळ त्यात अजून असतो. शेवटी कव्हरवर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा पडदा अखंड पसरला तर कव्हर स्वच्छ. थेंब गोळा होऊन बाजूला पळाले तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे. सिलिकॉनचं पॉलिश कधी मारलं असेल तर ते खास चिवट असतं. रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात ते त्यानेच.

धुतल्यावर लगेच हात लावू नका. फुटलेलं फायबर स्पंजासारखं पाणी धरतं. कडा उघड्या करून मेच्या उन्हात तीन-चार दिवस ठेवा, रात्री घरात घ्या. ओल्या मॅटवर केलेलं ठिगळ वरून कडक आणि खालून सुटं राहतं.

घासताना एक काळजी. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगांत, आणि परदेशातून आलेल्या मशीनच्या मूळ रंगात, शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याचा पेपर वापरा, खाली प्लास्टिक पसरा, लहान मुलांना लांब ठेवा, चांगला मास्क बांधा. जमा झालेला चिखल वाळवून पिशवीत बांधा. तो अंगणातल्या पऱ्यात सोडू नका. इथला प्रत्येक पऱ्या शेवटी खाडीत जातो. दाभोळ खाडीत मासे मरून तरंगण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत आणि खाडीकाठचे मच्छीमार त्याबद्दल वर्षानुवर्षं दाद मागत आहेत. त्यांच्याच होडीच्या कव्हरची घाण आपण त्यांच्या जाळ्यात सोडावी, हे मला सहन होत नाही.

तडा दिसतो त्याहून लांब असतो. कव्हर हलकंच वाकवून त्याचं टोक शोधा आणि तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या गोल कडेवर ताण वाटला जातो, तडा पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने तड्याच्या दोन्ही अंगांना उतार घासा. कव्हर ३ मिलिमीटर जाड असेल तर दोन्हीकडे साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या बारापट. उतार जितका लांब तितकी नव्या थराला धरायला जागा. बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच: तड्यात अ‍ॅराल्डाइट किंवा एम-सील भरायचं आणि वरून रंग. ते भरण आहे, त्यात ताण पेलणारे तंतू नाहीत. मशीन थरथरलं की पुन्हा उघडतं.

तुकडाच गायब असेल तर बाहेरून सनमायकाचा पातळ तुकडा मेण लावून कव्हरच्या बाकावर वाकवा, टेपने घट्ट बसवा आणि आतून थर द्या. वाळल्यावर सनमायका काढली की बाहेरची बाजू जवळजवळ तयार मिळते.

दुकानात रेझिन मागताना ‘आयसो’ मागा. नुसतं रेझिन म्हटलं तर ‘जीपी’ हातात देतात, ते स्वस्त असतं पण सतत पाण्याशी संबंध आल्यावर आयसोइतकं टिकत नाही. त्याबरोबर ३०० ग्रॅमची मॅट घ्या, ४५० ची मॅट कव्हरच्या बारीक वळणांवर बसत नाही. ३०० च्या तीन थरांनी साधारण दोन मिलिमीटर जाडी येते, तेवढी पुरते. तिन्ही तुकडे एकाच मापाचे कापू नका, नाहीतर कडेला पायरी होते. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं.

रेझिन पिकवायला कॅटलिस्ट १ ते २ टक्के. मेच्या उकाड्यात १ टक्का पुरे, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम. त्याहून कमी केलंत तर रेझिन कधीच पुरतं पिकत नाही. एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, पसरट भांड्यात, सकाळी नऊच्या आत. खोल डब्यात कालवलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं. आणि हे ठळक अक्षरांत आहे असं समजून वाचा: रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला नसेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच कॅटलिस्ट घाला. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. दोन्हीच्या बाटल्या शेजारी ठेवू नका, दोन्हीला एकच माप वापरू नका. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. गेलाच तर पंधरा मिनिटं पाण्याची धार आणि तडक डॉक्टर.

उतार असिटोनने पुसून घ्या, रेझिनचा हात द्या, मॅट ठेवा, ब्रशने वरून ठोकत ठोकत हवा काढा. ब्रश फिरवायचा नाही, ठोकायचा. फिरवलात की तंतू ओढले जाऊन एका बाजूला गोळा होतात. पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथे हवा आहे.

हुकाजवळचा भाग मात्र वेगळा धरा. कव्हर जिथे खालच्या भागाला अडकतं तिथे सगळी ओढ बसते आणि बहुतेक जुनी कव्हरं तिथेच फाटतात. तिथे मी पॉलिस्टर वापरत नाही. इपॉक्सी घेतो आणि मॅटऐवजी विणलेलं काचेचं कापड. मॅटमधला चिकटवणारा पदार्थ पॉलिस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. आतून २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी स्क्रूखाली द्या म्हणजे ओढ पसरते. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर येतो तो नुसत्या पाण्याने आणि नायलॉनच्या घासणीने निघतो. तो न काढता पेपर मारला तर पेपर भरतो आणि रंगही धरत नाही. इपॉक्सीवर पुढचं भरणही इपॉक्सीचंच ठेवा.

बाहेरच्या बाजूला तड्याच्या जागी उथळ खाच करून भरण द्या आणि घासा. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मागच्या हवेच्या खाचेची तुटकी कड मी इतकी गुळगुळीत भरली की खाच बोटभर अरुंद झाली. कव्हर देखणं झालं, पण मशीन जोर दिला की धापा टाकायचं आणि काळा धूर सोडायचं. दोन दिवस कार्ब्युरेटर खोलून बघितला, दोष त्यात नव्हता; कव्हर काढून चालवलं तेव्हा ध्यानात आलं. हवेच्या खाचा आणि आतले पाणी गाळणारे कप्पे जसेच्या तसे ठेवा.

कव्हर अ‍ॅल्युमिनिअमचं असेल तर पोचा हातोडीने सरळ करायचा मोह आवरा. जुनं ओतीव अ‍ॅल्युमिनिअम ठिसूळ असतं, पोचा तडा होतो. तडा असेल तर आर्गनवाल्याकडे द्या, पण त्याआधी पांढरी भुकटी पूर्ण खरवडा, नाहीतर वेल्ड फुटतो. घासल्यावर धातू उघडा ठेवू नका. हवेने त्यावर लगेच थर धरतो, म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. भरण प्रायमरच्या वर. एचिंग प्रायमरवर मोटारीचं पॉलिस्टर भरण थेट देऊ नये, ते सुटतं. तांब्याचा होडीचा रंग अ‍ॅल्युमिनिअमच्या जवळही नेऊ नका, खाऱ्या पाण्यात तो धातू खातो. स्टेनलेसचा स्क्रू अ‍ॅल्युमिनिअममध्ये घालताना नायलॉनचा वायसर आणि ग्रीस हवंच.

रंगासाठी आधी मूळ छटा शोधा. उन्हाने फिकं झालेलं बाहेरचं अंग फसवतं. जुन्या स्टिकरच्या खाली किंवा रबराच्या पट्टीआड खरा रंग सापडतो. तिथला तुकडा मोटारीच्या रंगाच्या दुकानात घेऊन जा, ते शेड कार्डावर जुळवून देतात.

डब्यातला साधा इनॅमल मारू नका. पेट्रोल सांडलं की तो फुगतो. टू-पॅक पीयू पेट्रोल आणि ऊन दोन्ही सोसतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमचा दमा देऊ शकतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. म्हणून त्याची फवारणी घरी करू नका. प्रायमरपर्यंतचं सगळं स्वतः करा आणि शेवटचे हात महामार्गावरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात मारून घ्या. मेहनतीचा मोठा भाग तुम्ही केलेला असल्याने पैसे थोडेच लागतात. गॅरेजवाल्या दादांना तीन गोष्टी आठवणीने सांगा: हवेच्या खाचा, रबर बसण्याची खोबण आणि आतली बाजू मास्किंग टेपने झाका.

कव्हर गॅरेजात देण्याआधी प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा द्या आणि ३२० च्या पाण्याच्या पेपराने लाकडी ठोकळ्यावर घासा. जिथे काळं राहतं तिथे खड्डा आहे, जिथे आधी जातं तिथे उंचवटा. हे केलं नाही तर चकाकत्या रंगात प्रत्येक लाट दिसते, आणि तेव्हा ती लपवता येत नाही. मग ४०० चा पेपर, आणि गॅरेजात रंगाचे पातळ दोन-तीन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं.

स्टिकरसाठी रेडियमवाल्याकडे बटर पेपर न्या; तो मशीनवर व्हायनल कापून देईल. मशीनच्या क्लॅम्पवरची मूळ नंबरपट्टी मात्र रंगवू नका, घासूही नका. त्या मशीनचा जन्मदाखला तोच. जुन्या स्टिकरचा सुटलेला तुकडा प्लास्टिकच्या पाकिटात घालून कागदपत्रांसोबत ठेवा.

रंग मारल्यावर आठवडाभर पेट्रोल लागू देऊ नका. मग रबर तपासा. कडक झालं असेल तर नवं घाला. मोटारीच्या दाराची पट्टी मापाला बऱ्याचदा जुळते. हुकाला जाड दोरी बांधून कव्हर मशीनला अडकवा, कारण सुटलेलं कव्हर पाण्यात पडलं की तरंगत नाही.

आता कणीक पुन्हा मळा. तेच गोळे, त्याच जागा. कव्हर बसवून काढा आणि जुने आकडे समोर धरा. कुठे गोळा आधीपेक्षा चपटा झाला असेल तर आतला थर तिथे जाड झालाय. तेवढाच घासून कमी करा, पुन्हा मोजा. आकडे जुळले की मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात टांगा, कव्हर लावून सुरू करा आणि पाच मिनिटं मंद चालू द्या. तळहात कव्हरवर ठेवा. थरथर सारखी लागली पाहिजे. हुकाजवळ वेगळा खडखडाट जाणवला तर मशीन बंद करा आणि तिथला स्क्रू पाव फेरा आवळा.